पहिल्याच पानावर टेस्ट फेल होऊ द्या

(रत्नागिरीत संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कुठलंही टेस्टिंग टूल, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारं साधन घ्या, त्याच्या डॉक्युमेंटेशनमधलं नवख्यांसाठीचं पान साधारण एकाच साच्यातलं असतं. इन्स्टॉल करा, ही फाइल बनवा, ही कमांड द्या, आणि खाली हिरवा ‘पास’. वाचणारा सगळं तसंच करतो आणि त्याच्या स्क्रीनवर लाल ‘फेल’ येतं. त्या लालबद्दल पानावर अवाक्षर नसतं. मग मुलगा समजतो की आपल्यालाच जमत नाही, आणि लॅपटॉप मिटतो. हे मला फार लागतं, कारण टेस्टिंग टूलचं कामच मुळी लाल दाखवण्याचं आहे. मिरकरवाड्याहून होडी बाहेर काढताना तांडेल नव्या खलाशाला आधी खडक दाखवतो. मोकळा समुद्र त्याचा त्याला दिसतोच. नवख्यांच्या डॉक्युमेंटेशनने हेच करायला हवं.

उदाहरण रोबोट फ्रेमवर्क या टेस्टिंग टूलचं घेतो. पेक्का क्लॅर्क यांच्या २००५ सालच्या मास्टर्सच्या प्रबंधात याची मूळ कल्पना आहे. पहिलं टूल नोकिया नेटवर्क्समध्ये तयार झालं आणि २००८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही टेस्ट वाचता यावी, साध्या शब्दांत लिहिता यावी, हा त्यामागचा विचार. म्हणूनच त्याच्या सुरुवातीच्या पानावर जबाबदारी जास्त आहे.

मी ते पान असं लिहीन. एक फाइल. तिच्यात टेस्ट केसेसचं शीर्षक, खाली टेस्टचं नाव, त्याखाली आत सरकवून एकच ओळ: ‘शुड बी ईक्वल’ हा कीवर्ड, म्हणजे टूलला दिलेली आज्ञा, मग चार स्पेस सोडून हापूस, मग चार स्पेस सोडून पायरी. ब्राउझर नको, तो चालवणारा ड्रायव्हर नको, इंटरनेटही नको. टेस्ट चालवली की ती फेल होते आणि टूल सांगतं, ‘हापूस != पायरी’. म्हणजे दोन्ही सारखे असायला हवे होते, ते नाहीत. पायरी खोडून हापूस लिहा, पुन्हा चालवा, पास. टेस्ट म्हणजे काय, हे शिकणाऱ्याला इथे कळतं. आधी हिरवं दाखवलं असतं तर टूलने खरंच काही तपासलं की नुसतीच मान डोलावली, हे त्याला कुठून कळणार?

आता तीच ओळ पुन्हा लिहा, पण शब्दांच्या मध्ये एकेकच स्पेस ठेवा. परत लाल. पण या वेळी मजकूर वेगळा आहे: ‘नो कीवर्ड विथ नेम’, पुढे ती अख्खी ओळ अवतरणात, आणि शेवटी ‘फाउंड’. रोबोट फ्रेमवर्कमध्ये कीवर्ड आणि त्याला द्यायच्या गोष्टी यांच्यात किमान दोन स्पेस लागतात. बहुतेक जण चार देतात. एकच दिली तर टूलला तो सगळा एकच लांबलचक कीवर्ड वाटतो. हे युजर गाइडमध्ये लिहिलेलं आहे, नाही असं नाही. पण नियमाच्या जागी लिहिलेलं आहे, एररच्या जागी नाही. अडलेला माणूस नियम शोधत नाही, समोरचा एरर शोधतो. त्यातून आपल्याकडे नोट्स झेरॉक्सच्या. कागदावर एक स्पेस आणि दोन स्पेस ओळखून दाखवा बघू! नवख्यांच्या पानावर स्पेसच्या जागी फिकट ठिपके छापावेत, असं मी आग्रहाने म्हणतो.

लक्षात घ्या, लाल दोन्ही वेळा आलं, पण पहिलं टूलने चोख काम केल्याचं आणि दुसरं आपण टेस्ट चुकीची लिहिल्याचं. नवख्याला हे दोन लाल सारखेच दिसतात. त्यांतला फरक पानाने दाखवायचा.

तिसरं लाल आपल्या भागाला विशेष छळतं. समजा, आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरचा फॉर्म तपासायचाय. पान उघडतं, पण पिनकोडचा रकाना मागाहून लोड होतो. ब्राउझर चालवायला रोबोट फ्रेमवर्कच्या जोडीला सेलेनियम हे टूल वापरतात. त्याची इम्प्लिसिट वेट, म्हणजे पानावरची गोष्ट सापडेपर्यंत थांबायची मुदत, मुळात शून्य सेकंद असते. रकाना अजून आलेला नसेल तर लगेच ‘एलिमेंट सापडलं नाही’. डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याच्या ऑफिसात नेट वेगवान, तिथे हे लाल सहसा उगवतच नाही. जुलैत राजापूरच्या एखाद्या वाडीत मोबाइलच्या नेटवर बसलेल्या मुलीला ते हमखास भेटतं. ती बिचारी पाच सेकंदांचा ‘स्लीप’, म्हणजे ठरावीक थांबा घालते, मग दहाचा, आणि टेस्ट रखडत जाते. तिला ‘वेट अंटिल एलिमेंट इज व्हिजिबल’ हा कीवर्ड त्याच पानावर भेटायला हवा. तो मुळात पाच सेकंदांपर्यंत थांबतो, रकाना दिसला की लगेच पुढे जातो, आणि गरज पडली तर मुदत वाढवता येते.

जुन्या पानांचंही थोडं बोलतो. क्रोम ब्राउझरसाठीचा क्रोमड्रायव्हर हाताने उतरवा, पाथमध्ये (संगणक प्रोग्राम शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) टाका, असं सांगणारी पानं अजून ढिगाने आहेत. २०२२ मधल्या सेलेनियम ४.६ पासून त्याच्यासोबतच येणारा सेलेनियम मॅनेजर हे काम स्वतः करतो. तेव्हा पानाच्या माथ्यावर आवृत्ती आणि तारीख हवीच.

आणि पाऊस. वारा सुटला की लाइट जाते, पाठोपाठ नेट. लॅपटॉपच्या बॅटरीवर दोन तास हाताशी असतात, पण डॉक्युमेंटेशन ऑनलाइन! रोबोट फ्रेमवर्कसोबत लिबडॉक नावाचं साधन येतं. ते एखाद्या लायब्ररीतल्या, म्हणजे कीवर्डच्या संचातल्या, सगळ्या कीवर्डची माहिती एका एचटीएमएल फाइलमध्ये काढून देतं. फाइल नेटशिवाय उघडते, तिच्यात शोधताही येतं. ही सोय इन्स्टॉलेशनच्या पुढच्याच परिच्छेदात सांगितली पाहिजे. आज ती पुष्कळ पुढे जाऊन सापडते.

हे सुधारायचं कोणी? तुम्हीच. वर्षानुवर्षं टूल वापरणाऱ्याच्या हाताला चार स्पेस आपोआप पडतात, त्याला अडखळण्याची जागा दिसतच नाही. तुम्ही अजून अडखळताय, हे भांडवल आहे. शिक्षकांना माझी विनंती आहे की नव्या मुलाशेजारी बसा, त्याला पान वाचून काम करू द्या आणि तोंड अजिबात उघडू नका. हात कुठे थांबला ते टिपा. एरर जसाच्या तसा, इंग्रजीतच उतरवा, कारण पुढचा माणूस तोच मजकूर शोधणार आहे. खाली कारण आणि उपाय मराठीत लिहून आपल्या कॉलेजपुरतं पान करा. रोबोट फ्रेमवर्कच्या युजर गाइडचा मजकूर गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर टूलच्या कोडसोबतच आहे. दुरुस्ती इंग्रजीत लिहून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवता येते.

शेजारच्या लॅबमध्ये मशीन चालू आहेत. हापूस-पायरीची फाइल आधी चार स्पेसने चालवा, मग एका स्पेसने, आणि दोन्ही लॉग, म्हणजे टूलने लिहिलेल्या नोंदी, उघडून ताडून बघा. दुसऱ्या वेळी आउटपुटचा फोल्डर मात्र वेगळा द्या, नाहीतर पहिला लॉग पुसून त्याच नावाने दुसरा लिहिला जाईल.