तोबऱ्यातून जाणारा ताप

श्रोतेहो, नमस्कार. दत्तजयंती जवळ आली, की तापीकाठी सारंगखेड्याला लांबलांबून घोडे उतरू लागतात. आपली जनावरं घेऊन निघालेल्या घोडेवाल्यांशी आज मला घोड्यांच्या फ्लूबद्दल मुद्दाम बोलायचंय.

2007 सालापर्यंत ऑस्ट्रेलियात घोड्यांचा फ्लू कधी शिरलाच नव्हता. त्या ऑगस्टमध्ये जपानहून आलेले घोडे सिडनीच्या विलगीकरण केंद्रात ठेवले होते. तरीही रोग बाहेर पडला. चौकशीअंती निष्कर्ष निघाला, की बहुधा कुणा माणसाच्या अंगावरून किंवा सामानावरून विषाणू गेला. म्हणजे घोडे कुंपणाच्या आतच होते! पुढे मेटलंड गावी घोडेस्वारांचा मेळावा भरला आणि तिथून परतलेल्या घोड्यांनी ताप गावोगाव नेला. वर्ष संपेपर्यंत 9,000 हून जास्त ठिकाणी लागण झाली होती. 2008 च्या जूनमध्ये आपल्याकडे कटऱ्याला, वैष्णोदेवीच्या वाटेवरच्या घोड्या-खेचरांत हाच फ्लू दिसला आणि पुढे अनेक राज्यांत पसरला.

घोडा खोकला की तुषार हवेतून शेजारच्या घोड्यापर्यंत पोचतात, हे आपल्याला ठाऊक असतं. हातांकडे मात्र लक्ष जात नाही. एका जत्रेत मी पाहिलं, मोतद्दारानं खांद्यावरच्या पंचानं घोड्याचं वाहतं नाक मायेनं पुसलं आणि त्याच पंचानं शेजारच्या घोडीचं तोंड पुसलं. त्या पंचातून काय गेलं असेल, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? ओल्या बादलीवर, लगामावर, तोबऱ्याच्या कडेवर हा विषाणू दोन-तीन दिवसही तग धरतो. पण साबणापुढे आणि कडक उन्हापुढे टिकत नाही.

म्हणून बादली, तोबरा, खरारा घरूनच न्या, दुसऱ्याला देऊ नका. सामायिक हौदावर पाजण्यापेक्षा आपल्या बादलीत पाणी काढून पाजा. दुसऱ्याचा घोडा हाताळलात, तर आपल्याकडे येण्याआधी साबणानं हात धुवा. लस द्यायची तर निघण्याच्या आदल्या दिवशी देऊन भागत नाही, तिला काम करायला काही आठवडे लागतात. आणि नवं जनावर घेतलंत, तर घरी आल्यावर निदान दोन-तीन आठवडे वेगळं बांधा, त्याचा दाणा-वैरण सगळ्यात शेवटी करा.

ताप भरलाच, कोरडा खोकला सुरू झाला, तर त्या घोड्यावर खोगीर चढवू नका. जितके दिवस ताप, तितके आठवडे विश्रांती, आणि तीनपेक्षा कमी तर नाहीच. लग्नसराईची वरात हातची जाईल, मला कळतं. पण आजारात पळवलेल्या घोड्याची छाती कायमची जाऊ शकते. ताप दिसला त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, आणि डॉक्टर येईपर्यंत तुमचा घोडा तळावरून हलवू नका.