आचरेकर सरांची शाळा

नमस्कार श्रोतेहो.

रमाकांत विठ्ठल आचरेकर या खेळाडूच्या नावावर क्रिकेटचा प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. १९६३-६४च्या मोसमात हैदराबादच्या मोइनुद्दौला स्पर्धेत ते ऑल इंडिया स्टेट बँकेच्या संघातून खेळले, तेवढाच. आणि प्रशिक्षक म्हणून त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांचे सामने मोजायला बसलं तर? एकट्या सचिन तेंडुलकरच्याच २०० कसोट्या भरतात.

आज २ जानेवारी. २०१९ साली याच दिवशी सर गेले. मी एका शाळेत खेळाचा तास घेतो. सरांकडे शिकण्याचं भाग्य मला लाभलं नाही, पण मुलांना शिकवताना अडलो की त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या गोष्टी मी पुन्हा पुन्हा आठवतो. त्यातल्या काही आज तुमच्याशी बोलायच्या आहेत.

सर मूळचे मालवणचे, जन्म १९३२चा. १९४५ साली, म्हणजे तेराव्या वर्षाच्या आसपास, ते मुंबईत न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून खेळू लागले. पुढे यंग महाराष्ट्र, गुलमोहर मिल्स, मुंबई पोर्ट. ही नावं नुसती ऐकली तरी त्या काळची मुंबई उभी राहते. गिरण्यांचे संघ होते, गोदीचे होते, बँकांचे होते. चांगलं खेळणाऱ्या मुलाला खेळावर नोकरी मिळायची आणि नोकरी सांभाळून तो मैदान गाठायचा. सर त्या जगात घडले. मला वाटतं, त्यांच्या शिकवण्याचा पायाही तिथेच पडला, कारण मैदानी क्रिकेटमध्ये पुस्तकी तंत्राचे लाड कुणी करत नाही. उन्हात, खडबडीत खेळपट्टीवर, बाजूच्या सामन्यातला चेंडू आपल्या मैदानात घरंगळत येत असताना धावा कराव्या लागतात.

दादरच्या शिवाजी पार्कवर सरांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लब चालवला आणि शारदाश्रम विद्यामंदिरात प्रशिक्षक म्हणून मुलं घडवली. त्यांची पद्धत एका वाक्यात सांगायची तर, मुलाला सामन्यात उतरवा. नेटमध्ये, म्हणजे सरावाच्या जाळीत, चूक झाली तर पुढचा चेंडू लगेच मिळतो. सामन्यात एकदा दांडी उडाली की पॅड सोडायचे आणि झाडाखाली बसून दुसऱ्यांची फलंदाजी बघायची. ही शिक्षा कुठलाही प्रशिक्षक तोंडाने देऊ शकत नाही.

म्हणून सर पोराला स्कूटरवर मागे बसवायचे आणि निघायचे. वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिनने ही आठवण सांगितली होती. अकरा-बारा वर्षांचा असताना एकाच दिवशी आधी शिवाजी पार्कवर फलंदाजी करायची, मग सरांच्या स्कूटरवरून आझाद मैदान गाठून तिथल्या सामन्यात उतरायचं. उन्हाळ्याच्या एका सुट्टीत, साठ दिवसांत, तो पंचावन्न सराव सामने खेळला. सकाळी साडेसातपासून नेट, मग साडेचारपर्यंत सामना, अर्धा तास विश्रांती, आणि पाच वाजता पुन्हा नेट. आजच्या पालकांना हे ऐकून धास्ती वाटेल, वाटायलाही हवी. सगळ्याच मुलांना हे झेपत नाही. पण हा मुलगा दमला तरी बॅट खाली ठेवत नाही, हे सरांनी ओळखलं होतं. कुणाला किती ताणायचं हे ओळखणं हीच खरी कसोटी, आणि तिथे सरांची नजर क्वचितच चुकली.

आता ते एक रुपयाचं नाणं. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल, पण तिच्यामागची युक्ती बघा. संध्याकाळचा सराव संपत आला की पोराचे पाय जड होतात, लक्ष उडतं. नेमक्या त्या वेळी सर स्टंपवर एक रुपया ठेवायचे. जो गोलंदाज बाद करेल, रुपया त्याचा. शेवटपर्यंत बाद झाला नाही तर फलंदाजाचा. मैदानावर उरलेली सगळी मुलं क्षेत्ररक्षणाला, त्यामुळे चेंडू उचलून मारायची सोय नाही. जमिनीलगत फटका मारायचा आणि तोही फटीतून. कसोटीत दिवसाच्या शेवटच्या षटकांत विकेट टिकवणं म्हणजे दुसरं काय असतं? दमलेल्या शरीराने एकाग्र राहण्याचा हा धडा सरांनी एका रुपयात दिला. सचिनने अशी तेरा नाणी जिंकली आणि आयुष्यभर जपली. त्यानंतरही सुटका नव्हती. पॅड आणि ग्लोव्हज न काढता शिवाजी पार्कला फेऱ्या मारायच्या.

त्याच्या पहिल्या दिवसाची गोष्टही मला फार महत्त्वाची वाटते. १९८४च्या उन्हाळ्यात अजित तेंडुलकर धाकट्या भावाला घेऊन सरांकडे आला. सर समोर उभे, पोरगा बावरलेला, बॅटवर चेंडू येईना. सर त्याला घ्यायला तयार नव्हते. अजितने विनंती केली, तुम्ही जरा दूर जाऊन बघा. सर निघून गेल्यासारखं करून झाडाआड उभे राहिले, आणि पोराची बॅट बोलू लागली. यात मोठेपण अजितचं आहेच. पण नावाजलेल्या प्रशिक्षकाने एका कॉलेजवयीन मुलाचं म्हणणं ऐकावं आणि आपला निर्णय बदलावा, हे मला जास्त मोलाचं वाटतं. पहिल्या चाचणीत घाबरलेली किती मुलं आपण शिक्षकांनी परत पाठवली असतील, या विचाराने मी अस्वस्थ होतो.

पुढे सरांनीच सुचवलं की सचिनने वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रममध्ये यावं. प्राध्यापक आणि कवी असलेल्या वडिलांनी, रमेश तेंडुलकरांनी, निर्णय मुलावर सोपवला. रोजची दगदग वाचावी म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. एक मूल घडवायला शिक्षक, वडील, भाऊ, काका, काकू असं आख्खं घर उभं राहिलं होतं.

सर कडक होते. शाळेचा सामना बघायला, टाळ्या वाजवायला म्हणून सचिन एकदा वानखेडेवर गेला आणि त्यासाठी स्वतःचा सराव सामना बुडवला. सरांना कळलं तेव्हा थप्पड बसली आणि वर त्यांनी सुनावलं: दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ. मुलावर हात उगारणं मला आज मान्य नाही, आणि ते स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण त्या शब्दांचं सोनं झालं हेही खरं.

आणि कौतुक? एकोणतीस वर्षांत सरांनी सचिनला एकदाही ‘वेल प्लेड’ म्हटलं नाही. पोरगा हवेत जाईल, मेहनत सोडेल, ही काळजी. खूश झाले की भेळपुरी, नाहीतर पाणीपुरी खायला न्यायचे. पोराने काय ते ओळखावं. १६ नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर सर स्टँडमध्ये बसले होते, तेव्हा निवृत्त होणारा सचिन माइकवरून म्हणाला की सर, आता माझा एकही सामना उरलेला नाही, तेव्हा आता तुम्ही ‘वेल डन’ म्हणायला हरकत नाही. सर गेले त्या दिवशी ‘वेल प्लेड, सर’ असं लिहून विद्यार्थ्यानेच ते कौतुक गुरूला दिलं. सरळ खेळणं आणि सरळ जगणं सरांनी शिकवलं, असंही त्याने लिहिलं होतं.

१९९०चा द्रोणाचार्य पुरस्कार, २०१०ची पद्मश्री, हे मान सरांना मिळाले. मात्र त्यांना नुसतं ‘सचिनचे गुरू’ म्हणून थांबणं मला पटत नाही. १९८३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वेस्ट इंडिजच्या ग्रीनिजने सोडून दिलेला चेंडू आत वळला आणि दांडी उडाली, तो चेंडू टाकणारा बलविंदरसिंग संधू सरांचा. डर्बनला पदार्पणातच कसोटी शतक ठोकणारा प्रवीण आमरे त्यांचा. विनोद कांबळी त्यांचा, तसेच समीर दिघे, अजित आगरकर, संजय बांगर, रमेश पोवार.

आणि यातले किती जण पुढे स्वतः शिकवायला उभे राहिले! लालचंद राजपूत २००७च्या टी-ट्वेंटी विश्वविजेत्या संघाचे व्यवस्थापक होते, पुढे त्यांनी अफगाणिस्तान आणि झिम्बाब्वेच्या संघांना शिकवलं. चंद्रकांत पंडित यांनी विदर्भाला सलग दोनदा रणजी करंडक मिळवून दिला आणि २०२२ साली मध्य प्रदेशाला त्यांचा पहिला. रणजीच्या इतिहासात ज्यांना कुणी मोजत नव्हतं, अशा संघांना त्यांनी विजेतं केलं. आमरे, बांगर, पोवार हेही प्रशिक्षक झाले. मुंबईच्या एका मैदानावरून इतके शिक्षक निघावेत, ही मला सचिनच्या शंभर शतकांइतकीच मोठी गोष्ट वाटते.

सरांच्या आणखी एका विद्यार्थ्यासाठी मी मुद्दाम वेळ राखून ठेवला आहे. फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६, आणि दोघांची ६६४ धावांची अखंड भागीदारी. डाव सोडा असा निरोप बाहेरून येत होता आणि दोघं पोरं तिकडे बघतच नव्हती. हे सगळं चालू असताना पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता, तेरा वर्षांचा. त्याची पाळी आलीच नाही. तो अमोल मुजुमदार.

पाच-सहा वर्षांनी त्याने रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा आणि तीस शतकं. पण द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या पिढीत मधली फळी भरलेली होती, आणि भारताची टोपी त्याला एकदाही मिळाली नाही. एवढ्यावर एखादा माणूस कडवट झाला असता, तर त्याला कुणी बोल लावला नसता. मुजुमदार शिकवायला लागले. २०२३च्या अखेरीस भारतीय महिला संघ त्यांच्याकडे आला, आणि २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. सामना संपल्यावर कर्णधार हरमनप्रीत कौरने मैदानावरच त्यांच्या पायांना हात लावला.

शिवाजी पार्कच्या पाच नंबरच्या गेटजवळ सरांचं स्मारक आहे. ३ डिसेंबर २०२४ला त्याचं अनावरण झालं, सचिन आणि कांबळी दोघंही आले होते. दादरला गेलात तर तिथे जरूर थांबा, आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना सचिनच्या आधी संधू, पंडित आणि मुजुमदार यांच्या गोष्टी सांगा.

नमस्कार.