गुडघ्याखालची उशी

[दृश्य : सकाळ. ओसरीची शहाबादी फरशी. वॉकरचे रबरी पाय, जवळून.]

ठक. मग पाय घासल्याचा आवाज. मग पुन्हा ठक.

परभणी जिल्हा, सेलू तालुका. या घराची सकाळ सध्या या आवाजाने सुरू होते. गुडघा बदलायच्या ऑपरेशनला आज नऊ दिवस झाले, टाके अजून काढायचेत. घरात, गल्लीत सगळे त्यांना आक्का म्हणतात. आपणही आक्काच म्हणू.

आधी वॉकर पुढे. मग ऑपरेशनचा पाय. मग चांगला पाय. आक्का हा क्रम तोंडातल्या तोंडात म्हणत चालतात. मध्येच चुलीपाशी काहीतरी उतू जातं, आक्का तिकडे बघून ओरडतात, क्रम चुकतो. मग थांबतात आणि पुन्हा वॉकरपासून सुरुवात.

[दृश्य : खिडकीच्या उजेडाला धरलेला एक्स-रे.]

हा ऑपरेशनआधीचा एक्स-रे. सुनेने साड्यांच्या घडीखालून काढून दाखवला. मांडीचं हाड वर, नडगीचं हाड खाली. दोन्हींच्या मध्ये काळी फट दिसायला हवी. बाहेरच्या बाजूला ती आहे, आतल्या बाजूला नाही. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, एक्स-रेत दिसत नाही, तिने अडवलेली जागा तेवढी दिसते. ती जागा संपली की हाडाला हाड लागतं. गावात याला 'गादी झिजली' म्हणतात, आणि डॉक्टरी नावापेक्षा हे नाव जास्त नेमकं आहे.

गादी झिजायला कारण वय असतं, वजन असतं, घराण्यात असतं. आणि काम असतं. खुरपणी डोळ्यांसमोर आणा. दोन्ही गुडघे छातीशी, खुरपं हातात, आणि तसंच उकिडवं सरकत पिकाची अख्खी ओळ संपवायची. अशी चाळीस वर्षं. आतली बाजू झिजत गेली की पाय बाहेरून वाकतात, कंसासारखे. आक्कांचं तेव्हाचं चालणं आमच्याकडे चित्रित नाही. पुतणीच्या लग्नातली मोबाइलवरची एक क्लिप सापडली. वरातीत आक्का डाव्या-उजव्या बाजूला झुलत चालल्यात. पाहुण्यांना वाटलं होतं, नाचतायत.

[दृश्य : फिजिओथेरपिस्टच्या हातात सांध्याचा नमुना.]

सेलूहून मोटारसायकलवर येणारा हा फिजिओथेरपिस्ट. आक्का त्याला 'व्यायामाचा डॉक्टर' म्हणतात आणि रागात असल्या की नुसतं 'लेकरा'. त्याच्या पिशवीत हा नमुना कायम असतो. वरचा आरशासारखा चकचकीत भाग कोबाल्ट-क्रोमियमचा. खालची थाळी टायटॅनियमची. मध्ये पांढरं, खोबऱ्याच्या कापासारखं दिसतं ते पॉलिइथिलीन, एक प्रकारचं प्लास्टिक. नवी गादी हीच.

'गुडघा बदलला' असं आपण म्हणतो, पण सगळा गुडघा काही बदलत नाहीत. हाडांची झिजलेली टोकं काही मिलिमीटर कापतात आणि त्यांवर टोपी बसवतात, किडलेल्या दाताला कॅप बसवावी तशी. मांडीचा स्नायू जुनाच. हाडाला हाड बांधून ठेवणारे बाजूचे अस्थिबंध जुनेच. वर्षानुवर्षं दुखरा पाय जपायची सवय लागलेला मेंदूही जुनाच.

या धातूच्या किमतीवर देशभर चर्चा झाली. ऑगस्ट 2017 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कमाल दर ठरवून दिला. एरवी दीड लाखाच्या पुढे जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा, कर सोडून, 54,720 रुपयांवर आला. फार मोठी गोष्ट झाली ती. फक्त त्या सांध्याला चालायला शिकवण्याचा दर कुठल्याच तक्त्यात नव्हता.

शस्त्रक्रियागृहात कॅमेरा न्यायला परवानगी मिळाली नाही, आणि ते रास्तच आहे. म्हणून तो भाग आपण सोडून देऊ आणि थेट घरी येऊ. या फिल्मची खरी गोष्ट इथे, या बाजेवर आहे.

[दृश्य : बाज. आक्कांचा पाय. गुडघ्याखाली फुलाफुलांच्या अभ्र्याची उशी. कॅमेरा उशीवर थांबतो.]

ही उशी सुनेने ठेवली. मनापासून ठेवली. आत्याबाईंना, म्हणजे सासूला, बरं वाटतं म्हणून ठेवली. आणि आत्याबाईंना खरंच बरं वाटत होतं, अडचण तीच आहे.

ऑपरेशननंतर सांध्यात पाणी साचतं, रक्त साचतं, सूज येते. गुडघा थोडा वाकलेला असला की आत जागा सैल होते, दाब कमी होतो, कळ कमी होते. सरळ केला की ताण येतो. म्हणून कोणालाही न विचारता पाय आपोआप वाकून पडतो. त्याखाली मऊ उशी मिळाली की तो तिथेच मुक्काम करतो. मागची शीर, म्हणजे गुडघ्यामागचे स्नायू आणि सांध्याचं मागचं आवरण, त्याच मापात आखडू लागतं. आठवड्या-दोन आठवड्यांत पाय सरळ होईनासा होतो.

बाज आणखी घात करते. सुतळी मध्ये खचलेली. माणूस झोळीत बसल्यासारखा आत जातो आणि उठताना गुडघा ओढला जातो.

फिजिओथेरपिस्ट पहिल्यांदा आला तो पाचव्या दिवशी. त्याने काहीही विचारायच्या आत उशी काढली. सून म्हणाली, "अहो, आत्याबाईला दुखायलंय." तो म्हणाला, "ताई, दुखू द्या थोडं. ही उशी सहा आठवडे गुडघ्याखाली दिसली नाही पाहिजे."

मग आक्कांना बाजेवरून लाकडी दिवाणावर आणलं. पाय सरळ. टॉवेलची घट्ट वळकटी केली आणि ती टाचेखाली ठेवली. गुडघा आता अधांतरी, खाली काहीच नाही, आपल्याच वजनाने हळूहळू खाली बसणारा.

[दृश्य : टॉवेलची वळकटी, त्यावर टाच. गुडघ्याखालून जाणारा हात. लांबट शॉट, न कापता.]

हा शॉट आम्ही कापलेला नाही. दहा मिनिटं आक्का छताकडे बघत पडून आहेत. नंतर टॉवेल काढला, पाय दिवाणावर टेकवला आणि फिजिओथेरपिस्टने गुडघ्याखालून हात घातला. अख्खी मूठ आरपार गेली. कोनमापकावर 15 अंश. सरळ पायाला शून्य यायला हवं.

15 अंश ऐकायला किरकोळ वाटतात. तेवढा पाय वाकवून घरातून अंगणापर्यंत चालून बघा. मांडी पेटते. गुडघा सरळ असला की उभं राहायला स्नायूला फारशी मेहनत नसते, हाडांवर भार जातो. वाकलेल्या गुडघ्यावर मांडीला सतत ओढून धरावं लागतं. तो पाय आखूड पडतो, कंबर तिरकी होते. आणि मग लोक म्हणतात, ऑपरेशन फसलं.

[दृश्य : मांडी, गुडघ्याची वाटी. अगदी जवळून.]

आता वाटीकडे बघा. फिजिओथेरपिस्ट सांगतोय, "मावशी, गुडघ्याचा मागचा भाग दिवाणाला दाबा. पाच आकडे मोजा. सोडा." आक्का दाबतात. चेहऱ्यावरून दिसतं, जीव तोडून दाबतायत. वाटी मात्र जागची हलत नाही.

आळस नाही हा. सांध्यात सूज असली की तिथल्या मज्जातंतूंकडून पाठीच्या कण्याला निरोप जातो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला हुकूम मिळणंच कमी होतं. तार जागेवर, दिवा जागेवर, करंट नाही. मराठवाड्यात हे वेगळं समजावून सांगायला लागू नये. पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद ऑपरेशनच्या आधी होती त्याच्या निम्म्याखाली येते. ती परत आणायला गोळी नाही, इंजेक्शन नाही, मशीनही नाही. पाय आपोआप वाकवणारं, सरळ करणारं यंत्र काही दवाखान्यांत दिसतं. छान वाटतं बघायला, पण अभ्यासांत त्याचा सांगण्यासारखा फायदा दिसलेला नाही. कारण तिथे काम यंत्र करतं, मांडी झोपलेलीच राहते.

म्हणून दाबा, पाच मोजा, सोडा. एका वेळी दहादा. जागेपणी दर तासा-दोन तासांनी. व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी. आक्का ती गोळी पदराच्या गाठीला बांधून ठेवत होत्या. "गोळ्यानं किडनी जाती म्हणत्यात." भीती अगदीच खोटी नाही, काही गोळ्यांच्या बाबतीत ती खरीच आहे. ते डॉक्टरांना विचारायचं, गाठीत बांधायचं नाही. दुखण्याने व्यायाम बुडतो आणि व्यायाम बुडाला की दुखणं लांबतं.

व्यायामानंतर बर्फ. घरात फ्रिज नाही. समोरच्या घरातल्या फ्रिजमध्ये पाण्याची बाटली गोठवतात, नातू ती टॉवेलात गुंडाळून आणतो. पंधरा ते वीस मिनिटं. वीज गेली तर नाही. एवढं सोपं आहे ते आणि तेवढंच अवघड.

दहाव्या दिवशी वाटी हलली. कापसाच्या बोंडाएवढीसुद्धा नाही, पण मांडीकडे वर सरकली. हा शॉट संथ गतीने ठेवलाय. इथे संगीत नको.

[दृश्य : दवाखान्याचं सुटीचं कार्ड.]

हे सुटीचं कार्ड. औषधांच्या सात ओळी, वेळांसकट. आणि तळाशी इंग्रजीत दोन शब्द : फिजिओथेरपी ॲडव्हाइज्ड. कुठे, कोणाकडून, किती दिवस, काय करायचं, काही नाही. दवाखान्याचं नाव आम्ही झाकलंय. असं कार्ड एकाच ठिकाणी मिळतं, असा गैरसमज व्हायला नको. ऑपरेशन मोठ्या शहरात होतं आणि माणूस रेल्वेने नाहीतर जीपने गावी परततो. तिथे उशी कोण काढणार? सेलूचा हा मुलगा आक्कांकडे आला तो सुनेच्या भावाच्या ओळखीने. ओळख नसती तर उशी आजही तिथेच असती.

[दृश्य : खुर्ची. पाय मागे सरकवताना. कोनमापक.]

आता वाकवणं. खुर्चीवर बसायचं, टाच फरशीवरून मागे सरकवायची. सपाट चालायला गुडघा साधारण 67 अंश वाकावा लागतो. जिना चढायला 83, उतरायला 90. खुर्चीतून उठायला 93. आक्का तिसऱ्या आठवड्यात 95 वर आल्या आणि पहिल्यांदा सुनेचा हात न धरता उठल्या. पुढे 110, 120 पर्यंत जाता येतं.

उकिडवं बसायला त्याहून खूप जास्त लागतं. म्हणून ही कमोडची खुर्ची, ही बसून आंघोळ करायची प्लास्टिकची खुर्ची, हा देवघरापुढचा स्टूल. पंगतीत आक्का आता टेबलावर. खुरपणी बंद. त्यावर आक्का काही बोलल्या नाहीत. पुढचा शॉट बघा.

[दृश्य : शेताच्या बांधावर खुर्ची. आक्का सोयाबीनकडे बघतायत. निवेदन नाही.]

[दृश्य : ओट्याच्या तीन पायऱ्या.]

पायऱ्यांचा नियम नातवाला पाठ आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. वर जाताना ओढायचं काम चांगल्याने करायचं, खाली येतानाही अंगाचा भार त्यानेच पेलायचा.

आणि जाता जाता. जखमेवर तेल, हळद, लेप काही लावायचं नाही. जखम वाहू लागली, ताप आला, गुडघा लाल होऊन तापला तर थेट सर्जनकडे. पोटरी सुजून दुखली, दम लागला, छातीत दुखलं तर त्याच क्षणी दवाखाना, ती रक्ताची गुठळी असू शकते. साखर आटोक्यात हवी, ऑपरेशनच्या आधीही आणि नंतरही.

[दृश्य : सहावा आठवडा. दिवाण. तीच टॉवेलची वळकटी.]

दहा मिनिटं झाली. टॉवेल काढला. आज फिजिओथेरपिस्ट आलेला नाही, त्याला पाथरीकडे दुसरा पेशंट आहे. नातू तपासतो. मूठ जात नाही. बोटं आडवी करून बघतो, जात नाहीत. वहीचं पान फाडून सरकवतो, ते अडकतं.

आक्का त्याच्याकडे बघतात, मग सुनेकडे.

"आता तरी द्या ती उशी. डोक्याला."