लेकीच्या गावचं मेडिकल

नमस्कार श्रोतेहो.

यंदा सहा महिने अमेरिकेला, लेकीकडे किंवा मुलाकडे, अशी घरं आता आमच्या सांगलीतही गल्लोगल्ली आहेत. आजचं बोलणं त्यांच्यासाठी. बॅगेत मेतकूट जातं, भाजणी जाते, बीपीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट जातात. तरी तिसऱ्या आठवड्यात नाक गळायला लागतं, गुडघा धरतो, आणि तिथल्या मेडिकलची पायरी चढावी लागते.

मी तीस वर्षं मेडिकल चालवलंय, पण न्यू जर्सीत पार नवशिकी ठरले. आपल्याकडे काउंटरपलीकडे माणूस असतो. "भाऊ, सर्दीवर काहीतरी द्या," म्हटलं की काम झालं. तिथे साध्या गोळ्या किराण्यासारख्या फळीवर मांडलेल्या. आपणच शोधायच्या, आपणच उचलायच्या. माझ्या पर्समध्ये औषधांवर सवलत देणारं कार्ड होतं. ही कार्डं लेकीच्या घरी टपालानं फुकट येऊन पडतात, फोनवरही मिळतात. मी तोऱ्यात कार्ड पुढे केलं. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "डॉक्टरांची चिठ्ठी आहे का?" सर्दीच्या गोळीला चिठ्ठी! कार्ड मुकाट्यानं पर्समध्ये गेलं.

रात्री जावयानं उलगडा केला. गुडआरएक्स, सिंगलकेअर ही त्यातली नावाजलेली कार्डं. तिथे विमा कंपन्या आणि औषधदुकानं यांच्यामध्ये दलाल कंपन्या असतात, त्या औषधांचे दर ठरवून घेतात. कार्डावर जे आकडे छापलेले असतात, ते फार्मासिस्टनं चिठ्ठीच्या नोंदीत भरले की तो ठरलेला दर लागू होतो. चिठ्ठीच नसेल तर आकडे भरायचे कुठे? डॉक्टरांनी साध्या गोळीचीही चिठ्ठी लिहून दिली तर काही कार्डं चालतात. पण पाहुण्या आईबापांनी तेवढ्यासाठी डॉक्टर गाठणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हां, नेलेल्या बीपीच्या गोळ्या संपल्या आणि तिथल्या डॉक्टरांनी नवी चिठ्ठी दिली, तर मात्र हे कार्ड जरूर काढा. विमा लागत नाही, नागरिकत्व कोणी विचारत नाही. फुकटातही एक मेख आहे. ग्राहकांच्या औषधांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, गूगलकडे गेल्याच्या आरोपावरून २०२३ साली ग्राहकांचं हित पाहणाऱ्या तिथल्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशननं गुडआरएक्सला १५ लाख डॉलर भरायला लावले.

माझे पैसे वाचले ते खोकं उलटं केल्यावर. मागच्या बाजूला 'ड्रग फॅक्ट्स' नावाची चौकट असते आणि तिच्यात सगळ्यात वर 'ॲक्टिव्ह इन्ग्रेडियंट', म्हणजे आतलं खरं औषध. एका हातात ॲडव्हिल ही नामांकित दुखण्यावरची गोळी धरली, दुसऱ्या हातात दुकानाच्या स्वतःच्या नावाचं खोकं. दोन्हींवर आयबुप्रोफेन, २०० मिलिग्रॅम. दुसरं बरंच स्वस्त. वॉलमार्टचं 'इक्वेट', कॉस्टकोचं 'कर्कलंड', तसे बहुतेक साखळी दुकानांचे आपापले छाप असतात. फक्त कॉस्टकोत पाचशे-पाचशे गोळ्यांची बरणी बघून हुरळू नका. सहा महिन्यांत पाचशे गोळ्या लागणार असतील तर तुम्ही जाऊच नका!

नावांचा घोळ मात्र समजून घ्या. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन होतं. टायलेनॉल म्हणजे तेच. ते सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही असतं, म्हणून दोन्ही एकदम घेतलं की दुप्पट पोटात जातं आणि भार यकृतावर पडतो. नावापुढे 'पीएम' असेल तर त्यात झोपेचं औषध असतं. आपल्या वयात रात्री उठताना तोल जायला तेवढं पुरतं. ॲलर्जीवरचं सेटिरिझिन तिथेही सेटिरिझिनच. गुडघ्याला लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, तेही दुकानाच्या छापाचं घ्या. ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलला मात्र चिठ्ठी लागते, तेव्हा ज्यांची सकाळ त्या गोळीनं सुरू होते त्यांनी ती इथूनच न्यावी.

आणि नाक मोकळं करणारी फिनाइलेफ्रिनची गोळी. ती कितीही स्वस्त असली तरी पैसे पाण्यातच. पोटात घेतल्यावर ती नाक मोकळं करत नाही, असं तिथल्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं २०२३ मध्ये एकमतानं सांगितलं. मी ती वर्षानुवर्षं विकलीय, आता काय बोलणार! खरोखर काम करणारी स्यूडोएफेड्रिनची गोळी काउंटरमागे ठेवतात आणि ओळखपत्र पाहून देतात, कारण तिच्यापासून नशेचा पदार्थ बनवतात.

मी पासपोर्ट घेऊन त्या काउंटरवर गेलेच. फार्मासिस्टचा सल्ला तिथे फुकट असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, "रोजच्या गोळ्या कोणत्या?" मी पर्समधून अर्धी संपलेली स्ट्रिप काढून दाखवली. त्यावर ॲम्लोडिपिन हे बीपीच्या औषधाचं नाव वाचून तिनं मान हलवली. बीपी असताना स्यूडोएफेड्रिन नको म्हणाली, माझा पासपोर्ट परत केला आणि फळीवरून मिठाच्या पाण्याचा फवारा आणून हातात ठेवला. दुकानाच्याच छापाचा, सगळ्यात स्वस्त.