इलेक्ट्रॉनिक रजिस्टर्ड पत्र: पाठवण्यापासून पोचपावतीपर्यंत

साधा ईमेल पाठवला की पाठवणाऱ्यापाशी त्याची एक प्रत उरते. पण पत्र समोरच्याला मिळाले का, कधी मिळाले आणि वाटेत एखादा शब्द बदलला का, हे त्या प्रतीवरून सिद्ध होत नाही. करार संपवण्याची नोटीस किंवा थकबाकीची मागणी पाठवताना नेमका हाच पुरावा लागतो.

इलेक्ट्रॉनिक रजिस्टर्ड पत्रात म्हणून दोघांच्या मध्ये एक त्रयस्थ सेवादाता असतो. पाठवणाऱ्याची ओळख पटल्यावर तो मजकुराचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, काढतो. एक स्वल्पविराम हलला तरी हा ठसा पूर्ण बदलतो. त्यावर तारीख-वेळेची नोंद आणि सेवादात्याची डिजिटल सही होते आणि पाठवणाऱ्याला पहिली पावती मिळते. तिचा अर्थ मर्यादित आहे: पत्र आमच्याकडे सोपवले गेले, एवढेच ती सांगते.

खरा प्रश्न दुसऱ्या पावतीचा, कारण पत्र ‘मिळाले’ कधी म्हणायचे, याचे उत्तर सगळीकडे एक नाही. इटलीत २००५ च्या नियमांनुसार चालणाऱ्या प्रमाणित ईमेलमध्ये पत्र घेणाऱ्याच्या पेटीत पडले की पोचले, मग त्याने ते वाचले असो वा नसो. फ्रान्समध्ये घेणाऱ्याला आधी केवळ पत्र आल्याची सूचना जाते आणि ते स्वीकारायचे की नाही, हे ठरवण्यासाठी दुसऱ्या दिवसापासून १५ दिवस मिळतात. तोवर पाठवणाऱ्याचे नाव त्याला कळत नाही. ही तरतूद मला फार विचारपूर्वक केलेली वाटते, कारण नाव पाहूनच पत्र टाळण्याची वाट तिने बंद होते. पत्र नाकारले किंवा मुदत उलटली, तरी पाठवणाऱ्याला तसा दाखला मिळतोच. मात्र घेणारी व्यक्ती व्यावसायिक नसेल, तर अशी पत्रे घेण्यास तिची आधी संमती लागते.

युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार असा पुरावा केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून न्यायालयाला नाकारता येत नाही.

सेवादाते या नोंदी कायम ठेवत नाहीत. इटलीत त्या ३० महिने जपाव्या लागतात, तर फ्रान्समध्ये पुराव्याची किमान मुदत एक वर्षाची आहे. त्यामुळे पाठवणाऱ्याने पावतीची मूळ फाईल स्वतःजवळ जशीच्या तशी ठेवावी. ती कागदावर छापली, तर अक्षरे उरतात, पण डिजिटल सही तपासता येत नाही.