दगड फोडणाऱ्यांची भाषा
(काँगोचा वसाहतकाळ आणि तिथलं गाणं या विषयावरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज काँगोबद्दल बोलायचं आहे, आणि मी सुरुवात एका टोपणनावापासून करणार आहे. 'बुला मातारी'. किकाँगो भाषेतले शब्द आहेत. अर्थ, खडक फोडणारा. हेन्री मॉर्टन स्टॅन्ली हा १८७९ ते १८८४ या काळात बेल्जियमच्या राजाचा नोकर म्हणून काँगो नदीच्या खालच्या टप्प्यात धबधब्यांच्या कडेकडेनं रस्ता काढत होता. माणसं राबवून, खडक फोडून. तिथल्या लोकांनी त्याला हे नाव ठेवलं. स्टॅन्ली निघून गेला, नाव मात्र मागे राहिलं आणि हळूहळू ते सरकारचंच नाव होऊन बसलं. कर मागायला शिपाई आला की बुला मातारी आला. वेठीला धरून नेलं, तर बुला मातारीनं नेलं. आपल्याकडे जसं 'सरकार' म्हटलं की तलाठ्यापासून साहेबापर्यंत सगळे त्यात येतात, तसंच.

हे राज्य होतं कुणाचं? इथे अनेकांची गल्लत होते. १८८५ ते १९०८ ही तेवीस वर्षं काँगो ही बेल्जियम देशाची वसाहत नव्हतीच. ती बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड या एका माणसाची खासगी मालमत्ता होती. युरोपातल्या सत्तांनी बर्लिनच्या परिषदेच्या सुमारास त्याला ती मान्य करून दिली. सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर भूमी. आपले सात महाराष्ट्र त्यात सहज मावतात. नाव ठेवलं 'काँगो स्वतंत्र राज्य'. आणि या राजानं तिथे आयुष्यात एकदाही पाऊल ठेवलं नाही.

१८८८ मध्ये डनलॉपनं हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. सायकली आल्या, पाठोपाठ मोटारी आल्या, विजेच्या तारांना वेष्टण हवं झालं आणि रबराला सोन्याचा भाव आला. काँगोच्या जंगलात रबराच्या वेली होत्या, रानटी, उंच झाडांवर चढलेल्या. त्यांचा चीक काढायचा म्हणजे माणसानं दिवसचे दिवस जंगलात राहायचं. चीक हातापायांवर, छातीवर चोपडून घट्ट होऊ द्यायचा आणि मग ओरबाडून काढायचा. अंगावरचे केसही त्याबरोबर निघत. असं काम राजीखुशीनं कोण करणार? मग शिपाई गावात यायचे, बायकांना ओलीस धरायचे, आणि ठरलेला माल आणल्याशिवाय सोडायचे नाहीत.

शिपायाला दिलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावा लागे. गोळी शिकारीत वाया घालवली नाही, माणसावरच झाडली, याचा पुरावा काय? मेलेल्याचा उजवा हात. हवा दमट, हात साहेबापर्यंत पोचेपर्यंत टिकले पाहिजेत, म्हणून ते धुरावर सुकवत. काडतूस शिकारीत खर्च झालं असेल तर हिशेब जुळवण्यासाठी जिवंत माणसांचेही हात तोडले गेले. १९०४ मध्ये ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी न्साला नावाच्या बापाचा फोटो काढला. तो ओट्यावर बसला आहे आणि समोर त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा, बोआलीचा, तोडलेला हात आणि पाऊल ठेवलेलं आहे. तो रडत नाही. नुसता बघतो आहे. मी हा फोटो आज इथे पडद्यावर दाखवलेला नाही. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी घरी, एकट्यानं पाहावा.

हे जगापुढे आलं ते अशा फोटोंमुळे, ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांच्या १९०४ च्या अहवालामुळे, आणि ई. डी. मोरेल या जहाज कंपनीतल्या कारकुनामुळे. मोरेलची गोष्ट मला फार आवडते. अँटवर्पच्या बंदरात तो हिशेब तपासत होता. काँगोहून रबर आणि हस्तिदंत भरभरून येतं, आणि तिकडे जातात त्या प्रामुख्यानं बंदुका आणि दारूगोळा, हे त्याच्या लक्षात आलं. व्यापार असेल तर मालाच्या बदल्यात माल जायला हवा. तो जात नाही, याचा अर्थ तिथे लोकांना मोबदला मिळतच नाही. वहीतल्या दोन रकान्यांवरून त्यानं गुलामगिरी ओळखली. १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियमच्या संसदेकडे सोपवावा लागला.

आपण काँगोबद्दल बोलतो ते बहुधा इथवरच. तोडलेले हात, आणि मग एकदम स्वतंत्र काँगोचे पहिले पंतप्रधान लुमुंबा यांचा खून. ते सांगायलाच हवं, पण तेवढंच सांगितलं की एक अख्खा समाज आपल्या मनात फक्त प्रेतासारखा उरतो. म्हणून आज मला त्यांच्या भाषेबद्दल बोलायचं आहे. ती भाषा म्हणजे लिंगाला.

काँगो नदीवर पूर्वीपासून बोबांगी लोकांचा व्यापार चाले आणि त्यांच्या बोलीवर व्यवहार होई. लिओपोल्डच्या माणसांनी नदीकाठी ठाणी घातली, आणि ठिकठिकाणचे शिपाई, हमाल, बोटीवरचे खलाशी एकमेकांशी बोलू लागले ते याच बोलीच्या मोडक्यातोडक्या रूपात. १९०० नंतर मिशनऱ्यांनी ती धुऊनपुसून, व्याकरणात बसवून शाळेत नेली आणि लिंगाला हे नाव रूढ झालं. वसाहतीच्या फौजेचं नाव होतं 'फोर्स पब्लिक', आणि त्या फौजेत हुकूम सुटत ते लिंगालातून. उभा राहा, ओझं उचल, चालू लाग. ही या भाषेची पहिली कामगिरी. बुला मातारी जी भाषा बोलत होता, ती हीच.

आणि आज? आफ्रिकेत प्रेमाची गाणी कुठल्या भाषेत गायची असं कुणी विचारलं, तर नैरोबीपासून आबिजानपर्यंत कितीतरी लोक लिंगालाचं नाव घेतील. शब्द कळत नसले तरी ते त्यावर नाचतात. हुकमाच्या भाषेची प्रेमाची भाषा झाली, ती कुणा पंडितानं केली नाही. लिओपोल्डव्हिलच्या दारूच्या गुत्त्यांत ती झाली.

लिओपोल्डव्हिल म्हणजे आजचं किन्शासा. शहराचे सरळसरळ दोन भाग होते. नदीकाठी गोऱ्यांची 'व्हिल', पलीकडे काळ्यांची 'सिते'. मधल्या मोकळ्या पट्ट्यात गोल्फचं मैदान, प्राणिसंग्रहालय, वनस्पती उद्यान. अंतर राखायचं, पण ते दिसायला सुंदर असावं अशी व्यवस्था. रात्री काळ्या माणसाला परवान्याशिवाय गोऱ्यांच्या भागात थांबता येत नसे. मग संध्याकाळी कामावरून परतलेली माणसं जाणार कुठे? सितेतल्या बारमध्ये. आणि या माणसांमध्ये काय समान होतं? कुणी बाकाँगो, कुणी कसाई प्रांतातला, कुणी विषुववृत्ताकडचा, प्रत्येकाची मातृभाषा वेगळी. समान होती ती लिंगाला, आणि ग्रामोफोन.

ग्रामोफोनवर काय वाजायचं? क्युबाचं संगीत. १९३० च्या दशकापासून क्युबन तबकड्या आफ्रिकेच्या बंदरांत यायला लागल्या. क्युबात हे संगीत घडवणाऱ्यांमध्ये काँगोच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचे वंशज होते. साखळदंडात गेलेला ताल दोन-तीनशे वर्षांनी तबकडीवर बसून घरी परतला. सितेतल्या पोरांना स्पॅनिश शब्द कळत नव्हते, पण ताल ओळखीचा वाटला. त्यांनी तो गिटारवर घेतला, त्यावर लिंगाला शब्द बसवले, आणि त्याला म्हणायला लागले रुंबा.

शहरात ग्रीक व्यापारी होते, कापड आणि किरकोळ माल विकणारे. त्यांच्यातल्या निकोलास जेरोनिमिदिस यानं १९४८ मध्ये 'न्गोमा' नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. न्गोमा म्हणजे ढोल. त्याच वर्षी वेंडो कोलोसोय या गायकाची 'मारी-लुईझ' ही तबकडी आली. वेंडो नदीवरच्या बोटींवर काम केलेला माणूस. गाणं इतकं गाजलं की मध्यरात्री ते वाजवलं तर मेलेली माणसं उठतात अशी वदंता पसरली. चर्चचे पाद्री भडकले आणि वेंडोला त्याचा त्रास भोगावा लागला. मला यात गंमत वाटत नाही, मला ते फार खोल वाटतं. ज्या प्रदेशात एवढी माणसं मेली, तिथल्या लोकांना आपल्या पहिल्या मोठ्या गाण्याबद्दल काय वाटावं, तर ते मेलेल्यांना परत आणेल.

फ्रँको लुआंबो हा यातला सगळ्यांत मोठा माणूस. जन्म १९३८. वडील लवकर गेले. आई बाजारात 'मिकाते' तळून विकायची, पिठाचे गोड गोळे. पोरगा घरी बनवलेल्या गिटारवर तिच्या पाटीशेजारी बसून वाजवायचा, म्हणजे गिऱ्हाईक थांबेल. अठराव्या वर्षी, १९५६ मध्ये, त्यानं साथीदारांबरोबर 'ओके जाझ' हे वाद्यवृंद उभं केलं. नाव पडलं ते ज्या बारमध्ये वाजवत त्या बारवरून. 'आत शिरताना ओके, बाहेर पडताना केओ', म्हणजे नॉकआउट, चीतपट, हे त्यांचं ब्रीद.

याच बारमधून त्या वर्षांत बिअरचा प्रचार करत फिरणारा आणखी एक तरुण होता. टपाल खात्यातला माजी कारकून, उत्तम वक्ता. पॅट्रिस लुमुंबा. पोलर नावाच्या बिअरसाठी तो काम करत होता. सभा घ्यायला बंधनं होती, पण बारमध्ये टेबलाटेबलावर जाऊन लोकांशी बोलायला कोण अडवणार? राजकारण आणि नाच हे तिथे एकाच छपराखाली वाढले.

४ जानेवारी १९५९ हा रविवार होता. बाकाँगो लोकांच्या अबाको पक्षाची सभा रद्द झाली, जमलेले लोक चिडलेले, आणि तेवढ्यात जवळच्या स्टेडियममधून फुटबॉलचा सामना संपवून हजारो प्रेक्षक बाहेर पडले. दोन्ही गर्दी एक झाल्या. दंगल काही दिवस चालली. सरकारी आकड्यानुसार ४९ काँगोलीज माणसं मेली. त्यानंतर वर्षभरानं बेल्जियमला ब्रुसेल्समध्ये गोलमेज परिषद बोलवावी लागली.

जानेवारी १९६० अखेरीस त्या परिषदेच्या वेळी जोसेफ काबासेले आपला 'आफ्रिकन जाझ' हा वाद्यवृंद घेऊन ब्रुसेल्सला गेला. स्वातंत्र्याची तारीख ठरली, ३० जून. आणि तिथेच त्यांनी 'अँदेपांदाँस चा चा' हे गाणं बांधलं. याचं पालुपद ऐका. त्यात स्वातंत्र्याला तीन शब्द आहेत. 'अँदेपांदाँस', हा मालकाचा फ्रेंच शब्द. 'किम्प्वांझा', हा किकाँगो शब्द. आणि 'लिपांडा', फ्रेंच शब्दच घासून घासून लिंगाला करून टाकलेला. अजून झेंडा फडकलेला नाही, घटना लिहायची आहे, आणि या पोरांनी मालकाच्या शब्दाला आपल्या जिभेचं वळण दिलं होतं. मला स्वातंत्र्याचा यापेक्षा नेमका दस्तऐवज माहीत नाही.

त्याच गाण्यात पुढाऱ्यांची नावं ओळीनं येतात. कासाव्हुबु, लुमुंबा, कालोंजी, चोंबे, बोलिकांगो. सगळ्यांनी मिळून मिळवलं, असा सूर. आज ते ऐकताना अंगावर काटा येतो. ३० जूनला स्वातंत्र्य, ११ जुलैला चोंबेनं खाणींचा कटांगा प्रांत वेगळा काढला, आणि १७ जानेवारी १९६१ रोजी त्याच कटांगात, बेल्जियन अधिकाऱ्यांच्या हजेरीत लुमुंबांना गोळ्या घातल्या गेल्या. प्रेत आम्लात विरघळवलं. मागे राहिलेला एक दात २०२२ मध्ये बेल्जियमनं कुटुंबाला परत केला. गाण्यात मात्र लुमुंबा आणि चोंबे अजून एकाच कडव्यात उभे आहेत.

आपल्याकडे काँगो हे नाव घरोघरी पोचलं ते याच काळात, कारण संयुक्त राष्ट्रांच्या सैन्यात भारतीय जवान तिथे गेले. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिलमध्ये वीरमरण आलं आणि परमवीर चक्र मिळालं.

पुढे १९६५ पासून बत्तीस वर्षं मोबुटू. हा फोर्स पब्लिकमधला जुना सार्जंट. त्यानं देशाला झाईर नाव दिलं, लोकांना ख्रिस्ती नावं टाकायला लावली, कोट-टायला बंदी केली, आणि सरकारच्या स्तुतीची गाणी व नाच सक्तीचे केले. लिंगालातून पुन्हा हुकूम सुटू लागले. १९६६ मध्ये त्यानं चार माजी मंत्र्यांना हजारो लोकांसमोर फासावर चढवलं. फ्रँकोनं त्यानंतर एका चेटक्यावर गाणं केलं, आपल्याच माणसांच्या जिवावर उठलेल्या चेटक्यावर. कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पण सगळ्यांना कळलं, पोलिसांनाही कळलं, आणि फ्रँकोला नदी ओलांडून शेजारच्या देशात, ब्राझाव्हिलला जावं लागलं. हाच फ्रँको पुढे मोबुटूच्या निवडणुकीची गाणीही गायला. मी त्याचं समर्थन करणार नाही. पण ज्यानं हुकूमशाहीत एक दिवसही काढलेला नाही, त्यानं त्याला भित्रा म्हणू नये असं मला वाटतं. १९८९ मध्ये तो गेला तेव्हा सरकारनं चार दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळला.

कोट-टायबंदीला उत्तर कोणी दिलं? पापा वेंबा या गायकानं आणि त्याच्या मागे लागलेल्या तरुणांनी, 'सापर' म्हणतात त्यांना. खोलीच्या भाड्याला पैसे नाहीत, पण अंगावर पॅरिसचा सूट, पायात चकचकीत बूट. परदेशी पत्रकार याला उधळपट्टी म्हणतात. ज्यांच्या आजोबांना साहेबाचे उतरलेले कपडे बक्षीस म्हणून मिळत होते, ते नातू नवे कोरे कपडे स्वतः निवडून घालतात. त्यांना मी हसू शकत नाही.

आता परत दगडाकडे येतो. किन्शासात 'काय चाललंय?' असं विचारलं, तर हमाल असो की कॉलेजात शिकलेला बेकार, उत्तर येतं, 'नाझोबेता लिबांगा'. दगड फोडतोय. म्हणजे पोटासाठी धडपडतोय. सरकारचं जुनं नाव खडक फोडणारा, आणि दगड फोडायचं काम मात्र लोकांच्या वाट्याला. गाण्यातही हा दगड आहे. एखाद्यानं गायकाला पैसे दिले की गायक गाण्यात मध्येच त्याचं नाव घेतो. त्या नावालाही 'लिबांगा'च म्हणतात, फेकलेला दगड. एकेका गाण्यात अशी शंभरेक नावं येतात. व्यापारी, शिपाई, परदेशात घरकाम करणारी बहीण, कुणाची तरी आई. पेटीत जपून ठेवलेले पैसे माणसं त्यासाठी खर्च करतात, एवढ्याचसाठी की नाचताना शहरभर आपलं नाव एकदा ऐकू यावं. आता मी ते जुनं गाणं लावतो. पालुपदातले तीन शब्द कान देऊन ऐका.