वेशीबाहेरचं वाचन

नमस्कार मंडळी.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीनं माझ्या हातात एक जाडजूड इंग्रजी कादंबरी ठेवली आणि म्हणाली, "मावशी, तू सगळं वाचतेस ना? मग हे वाच आणि मला खरं काय ते सांग." भाची सव्वीस वर्षांची आहे, नोकरी करते, लोकलच्या प्रवासात वाचते. तिच्या वयाच्या मुली ज्याला 'डार्क रोमान्स' म्हणतात, त्या जातीचं ते पुस्तक. नायिका एकटी राहते. एक माणूस महिनोन्‌महिने तिच्या मागावर असतो. रात्री तिच्या बंद घरात शिरतो, तिची खुर्ची जागची हलवतो, जाताना स्वयंपाकघरातला दिवा लावून जातो, म्हणजे सकाळी तिला कळावं की कुणीतरी येऊन गेलं. आणि हाच माणूस गोष्टीचा नायक आहे.

साठाव्या पानाच्या आसपास मी पुस्तक मिटलं. पोटात गोळा आला होता. उठून दाराची कडी बघून आले.

मी कॉलेजात असताना एक माणूस आठ महिने माझ्या मागे यायचा. त्याच बसला चढायचा, माझ्याच थांब्यावर उतरायचा, गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा. अंगाला हात लावला नाही, एक शब्द बोलला नाही. घरी सांगितलं तर "तू लक्ष देऊ नकोस" एवढंच उत्तर मिळालं. तक्रार तरी कसली करणार? त्याला कायद्यात नावच नव्हतं. स्त्रीचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून भारतीय दंड संहितेत आला तो २०१३ साली, कलम ३५४-ड म्हणून. तोवर आमच्या पिढीच्या बायकांनी रस्ते बदलले, बसच्या वेळा बदलल्या. सिनेमात मात्र हेच दृश्य आलं की त्याला गाणं लागायचं.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला त्या प्रकरणात मजा आली गं मावशी. भीती वाटली, पण हवीहवीशी. मी अडकले ती पुढे. तो चारचौघांत तिच्या अंगावरून तिला बोलतो ना, ते मी वाचलंच नाही. पानं उलटली." ते प्रकरण मी नंतर शोधून वाचलं. वाईट होतं, पण त्यानं माझी झोप उडाली नाही. पुस्तक एकच, दोघी एकाच घरातल्या, आणि दोघींची वेस वेगवेगळ्या ठिकाणी. आज मला या वेशीबद्दलच बोलायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. हे काल-परवाचं खूळ आहे असं अनेकांना वाटतं. १८४७ साली एमिली ब्राँटेनं एलिस बेल या टोपणनावानं 'वदरिंग हाइट्स' प्रसिद्ध केली. त्यातल्या हीथक्लिफबद्दल तुम्ही ऐकलं असेल. इझाबेला नावाची सुखवस्तू घरातली मुलगी त्याच्या प्रेमात पडते आणि त्याच्याबरोबर पळून जाते. घराबाहेर पडताना तिच्या डोळ्यांदेखत तो तिचा लाडका कुत्रा टांगतो. तरीही ती त्याच्याबरोबर जाते. लग्नानंतर हीथक्लिफ तिच्या समोरच दुसरीला सांगतो की हिनं मला प्रेमकथेतला नायक समजून घर सोडलं, आणि मी हिचे अमर्याद लाड करीन अशी हिची अपेक्षा होती.

विशीत ही कादंबरी वाचली तेव्हा हे वाक्य माझ्या नजरेतून निसटलं होतं. मीही तेव्हा इझाबेलाच्याच डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होते! आता वाटतं, ब्राँटेनं इझाबेलाच्या रूपानं या प्रकारच्या गोष्टींची वाचकच कादंबरीत आणून उभी केली आणि तिचं पुढे काय होतं तेही लिहिलं. इझाबेला जीव मुठीत धरून पळते, लंडनजवळ एकटीनं मुलगा वाढवते आणि म्हातारपण न बघताच मरते.

आजची डार्क रोमान्स कादंबरी इझाबेलाचा भ्रम खरा करून दाखवते. कुत्रा टांगणारा हात शेवटी तिच्या केसांतून फिरतो. हा बदल एका रात्रीत झाला नाही. १९१९ साली ई. एम. हल या इंग्रज लेखिकेची 'द शेख' आली. वाळवंटात फिरायला गेलेल्या डायना नावाच्या तरुणीला एक अरब शेख पळवतो, तिच्यावर पुन्हापुन्हा बळजबरी करतो, आणि ती त्याच्याच प्रेमात पडते. पुस्तक तुफान खपलं. १९२१ साली रुडॉल्फ व्हॅलेन्टिनोचा सिनेमा आला, त्यात बळजबरी सौम्य करून टाकली होती. पण मला सर्वांत खटकतं ते कादंबरीतलंच. शेवटी उघड होतं की शेख अरब नाहीच, तो एका इंग्रज सरदाराचा मुलगा आहे. म्हणजे त्या काळच्या वाचकाला बळजबरी पचली, परका वंश पचला नाही. त्यांची वेस तिथे होती. आपली वेस कुठे आहे हे तपासताना हे उदाहरण मी नेहमी आठवते, कारण सगळ्याच वेशी सोज्वळ नसतात. काहींच्या मुळाशी नुसता पूर्वग्रह असतो.

पुढे १९७२ साली कॅथलीन वुडिविस यांच्या पहिल्या कादंबरीपासून अमेरिकेत जाड, स्वस्त, ऐतिहासिक प्रेमकथांची लाट आली. त्यातही नायकाची पहिली ओळख बळजबरीनंच होते. या लाटेनंतर जॅनिस रॅडवे नावाच्या अभ्यासक अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका गावात गेल्या आणि प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी बसून बोलल्या. त्यांचं पुस्तक १९८४ चं. गावाचं खरं नाव त्यांनी लपवलं, 'स्मिथटन' म्हटलं. त्या काळी विद्वान मंडळी अशा वाचक बायकांना बावळट समजत. रॅडवेंना भेटलेल्या बायका चोखंदळ होत्या. क्रूर नायक त्यांना नको होता. बळजबरीची पुस्तकं त्या बाजूला ठेवत. काहीजणी तर विकत घेण्याआधी शेवट वाचून बघत. आणि वाचनाची वेळ ही घरकामाच्या रगाड्यात फक्त स्वतःची वेळ आहे, असं त्या सांगत.

शेवट आधी वाचणं म्हणजे रसभंग, असं आपल्याला शिकवलं गेलं. मला आता ते पटत नाही. प्रेमकथेचा करारच असा असतो की शेवट गोड होणार. त्या हमीच्या जोरावरच वाचक मधल्या काळोखात पाऊल टाकते. डोंगरातल्या अंधाऱ्या बोगद्यातून गाडी जाते तेव्हा मुलं आनंदानं ओरडतात ना, तसं. पलीकडे उजेड आहे हे त्यांना माहीत असतं.

पण आनंद होतो तरी कसा? भीतीत, किळशीत गोडी कुठली? आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार आधी झाला आहे आणि त्याचा आपल्याला विसर पडतो, याचं मला वाईट वाटतं. भरतमुनींनी नाटकातून आस्वादायचे रस सांगताना शृंगार आणि हास्याच्याच पंगतीला भयानक आणि बीभत्स हे रस बसवले. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवाशी एकरूप होतो, पण आपण वेगळे आहोत हे भान सुटत नाही. समाधी लागते आणि विकल्पही शिल्लक राहतो. भाची लोकलमध्ये बसून नायिकेच्या घाबरलेल्या छातीची धडधड स्वतःच्या छातीत ऐकते, आणि त्याच वेळी दादर आलं की उतरायचं हे तिला ठाऊक असतं. केळकरांसमोर ही पुस्तकं अर्थातच नव्हती, पण त्यांच्या दोन शब्दांत मला माझ्या भाचीचं वाचन जितकं नेमकं सापडलं, तितकं दुसरीकडे सापडलं नाही.

मग माझी समाधी का मोडली? त्याचं उत्तर केळकरांच्याही आधी, हजारेक वर्षांपूर्वी रसांचा विचार करणाऱ्या काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी दिलं आहे. रसास्वादात आड येणारी सात विघ्नं ते सांगतात. त्यातलं एक असं, की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका गुरफटलेला असतो की समोरचं दुःख त्याला आस्वादता येत नाही. बसथांब्यावरचा तो माणूस माझ्या वाचनात आला आणि कादंबरी संपली. उरली ती माझी गल्ली. मला हे वाचून फार हलकं वाटलं. मी भित्री नव्हते, जुनाट नव्हते, सोवळी नव्हते. रसविघ्न आलं होतं, आणि ते येणं स्वाभाविक होतं.

हे मी आवर्जून सांगते, कारण या पुस्तकांच्या चाहत्यांमध्ये अलीकडे एक चढाओढ दिसते. कोणी किती भयंकर वाचलं, कोण किती सहन करू शकतं. "एवढ्यानंच घाबरलीस?" असं एकमेकींना विचारतात. वाचन ही मिरची खाण्याची पैज नाही. दुसऱ्या बाजूला घरातली वडीलधारी मंडळी पुस्तकाचं मुखपृष्ठ बघून मुलीच्या चारित्र्याबद्दल बोलायला लागतात. दोन्हीकडे वाचक बाईला काय जाणवलं हे कुणी विचारतच नाही.

आपणही ते स्वतःला नीट विचारत नाही. अवघडलेपण एकाच चवीचं नसतं. मी पाठलागाच्या प्रकरणात थांबले ती भीतीनं. पण त्याच पुस्तकात पुढे एक जागा आहे, तिथे नायिका आपल्याला काय हवं आहे ते पहिल्यांदा तोंडानं सांगते, स्पष्ट शब्दांत. तिथेही मी पुस्तक खाली ठेवलं होतं. कान गरम झाले होते. दोन दिवसांनी लक्षात आलं की ती भीती नव्हती, तो संकोच होता, आणि तो माझ्यावर लहानपणापासून लादलेला होता. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला एका शब्दाची लाज वाटावी? मी पुन्हा पुस्तक उघडलं आणि ती पानं मन लावून वाचली. वाचल्याचं समाधान आहे. पाठलागाची पानं मात्र अजून तशीच आहेत आणि तशीच राहतील.

आणि अवघडलेपणाचा आणखी एक प्रकार असतो, त्याला मी सर्वांत जास्त मान देते. तो शेवटाकडे आला. नायकानं केलेलं सगळं शेवटच्या तीन प्रकरणांत धुऊन निघतं. त्याचं बालपण वाईट होतं, त्याचं तिच्यावर खरं प्रेम आहे, तिनं माफ केलं, लग्न, बाळ. काळोखी प्रकरणं मला त्रासदायक वाटली, पण खोटी वाटली नाहीत. ही उजेडाची प्रकरणं खोटी वाटली. मघाशी मी ज्या हमीचं कौतुक केलं, तिचीच ही किंमत आहे. बोगद्यापलीकडे उजेड पाहिजे म्हणून लेखिका डोंगरच नव्हता असं म्हणायला लागते. भाचीशी माझं या मुद्द्यावर कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली, "मावशी, मला माहीत आहे असा माणूस खऱ्या आयुष्यात सुधारत नाही. म्हणून तर पुस्तकात सुधारलेला बघायचा असतो." मी यावर निरुत्तर झाले. अजूनही मला तिचं पूर्ण पटलेलं नाही, पण तिला काय कळतं आणि काय कळत नाही याबद्दलचा माझा अंदाज चुकला होता, हे मी इथे कबूल करते.

आता वाचनालयाचा प्रश्न. ही पुस्तकं ठेवायची का, असं इथल्या काही सभासदांनी मला विचारलं आहे. ठेवा. मोठ्यांच्या विभागात ठेवा, शाळकरी मुलांच्या हाती जाणार नाहीत अशी. या प्रकारच्या अनेक कादंबऱ्यांत सुरुवातीलाच लेखिकेनं एक यादी दिलेली असते: पुस्तकात पाठलाग आहे, अपहरण आहे, बळजबरी आहे, आत्महत्येचा उल्लेख आहे. काहींना ती यादी पोरकट वाटते. मला ती गावाच्या वेशीवरच्या दगडासारखी वाटते. पुढे काय आहे ते सांगते, जायचं की नाही ते आपल्यावर सोडते. नायिकेला ही यादी कुणी दिलेली नसते. तिला पुस्तक मिटताही येत नाही. आपल्याला येतं.

तेव्हा ग्रंथपालांना एकच विनंती. एका ठिकाणी मी बघितलं, तारखांची चिठ्ठी नेमकी त्या यादीवर चिकटवली होती. नखानं कोपरा उचलून खालची ओळ वाचावी लागली. चिठ्ठी मागच्या पानावर चिकटवा.